फडक्यावरचे जीव

बाबा पाणी पिण्याआधी त्याच्याकडे बघायचे. पेला हातात आला की तो उजेडाकडे धरायचे, जरासा तिरका करायचे आणि मगच तोंडाला लावायचे. लग्नाच्या पंगतीत, हॉटेलात, साहेबांच्या घरी, कुठेही. मला त्याची फार लाज वाटायची. त्यांच्या डाव्या घोट्यावर नारूचा व्रण होता. लहानपणी दुसऱ्याच्या शेतात कामाला असताना ते तिथल्या पडक्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायले होते. पुढे पायातून दोऱ्यासारखा लांबलचक किडा निघाला आणि त्यांची आई तो काडीवर गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढायची. नारू आता आपल्याकडून गेला. माझ्या मुलांना हा शब्द सांगितला तर त्यांना ते कुणा माणसाचं नाव वाटतं.

आम्ही मूळचे पैनगंगेच्या काठचे. गावची विहीर आमच्या लोकांसाठी नव्हती, त्यामुळे उन्हाळ्यात आमची अख्खी वस्ती कोरड्या नदीच्या वाळूत झिरे काढायची. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, त्यात हळूहळू पाणी जमतं. बाबा हे सगळं सोडून मुंबईला आले आणि टेलिफोनच्या केबली जोडायच्या कामाला लागले. तिथेही खड्डेच. "गावात खड्डा खंदला तं पाणी लागे, अठी खंदला तं वायर लागते," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

कांदिवली पूर्वेला, जंगलाच्या बाजूला, अकरा खोल्यांची एक बैठी चाळ होती. सातवी खोली आमची. मागच्या दाराबाहेर पाच-सहा पायऱ्या उतरलं की नदी. पावसाळ्यात ती मोरीपर्यंत यायची आणि होळीनंतर आटत आटत तिची चार-दोन डबकी उरायची, बाकी नुसती रेती आणि गोटे. सकाळी पहिला आवाज आईच्या भाकरी थापण्याचा. त्यानंतर टेकडीपलीकडच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि मग आठव्या खोलीतल्या गावडेकाकींचा पाटा. काकी वेंगुर्ल्याच्या. त्यांच्या पाट्यावर खोबरं आणि तिरफळं वाटली जात असताना आमच्याकडे तव्यावर मिरचीचा ठेचा चरचरत असायचा. दोन्ही वास मधल्या भिंतीवरच्या फटीतून इकडून तिकडे जायचे. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठवायची, तिकडून बांगड्याची कढी यायची. मी कढी शाळेत असल्यापासून खात आले, पण तिरफळ चावायचं नसतं हे मला दहावीनंतर कळलं.

मी अकरावीला होते तो उन्हाळा. वर कुठेतरी मोठी पाइपलाइन बदलायचं काम निघालं आणि चाळीचा नळ गेला. आठवडाभर म्हणता म्हणता महिना झाला. दोन-तीन दिवसांनी टँकर यायचा, पण ते पाणी वापरायलाच पुरेना. प्यायचं पाणी आणायला बायका टेकडीपलीकडच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जायच्या आणि तिथला वॉचमन मर्जीत असेल तर हंडा भरून यायच्या. एका रविवारी बाबांनी पहार आणि घमेलं घेतलं आणि नदीत उतरले.

मी बघत होते. ते डबक्याकडे गेलेच नाहीत. दगडांची एक आडवी रांग होती, तिच्या खालच्या बाजूला जिथे वाळू जाडीभरडी होती तिथे ते उकिडवे बसले, मूठभर वाळू उचलली, हुंगली आणि खणायला लागले. कमरेइतकं खोल गेल्यावर बाजूंनी पाणी पाझरायला लागलं. मग त्यांनी बूड काढलेलं एक पत्र्याचं पिंप त्यात उतरवलं, म्हणजे कडा ढासळणार नाहीत. पहिलं पाणी गढूळ होतं, ते उपसून टाकलं. दुसरंही टाकलं. तिसऱ्यांदा जमलेलं पाणी काचेसारखं होतं. त्यांनी पेला भरला, उजेडाकडे धरला, तिरका केला आणि प्यायले. मग आईला दिला. आई म्हणाली, "अवो, गावची चव हाय."

चाळभर बातमी झाली. संध्याकाळपर्यंत अकराही घरांचे हंडे लागले. बाबांची एकच अट होती: पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. रॉकेल मोजकंच मिळायचं, पाणी उकळत बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं, त्यामुळे फडकं सगळ्यांना पटलं. पण गाळल्यावर फडक्यावर जे उरलं ते पाहून गावडेकाकी ओरडल्याच. "अगो बाय माझ्या! ह्यात किडे आसत! माका नको ह्यां पाणी."

खरंच होते. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, जवळजवळ आरपार दिसणारे. ओल्या फडक्यावर टुणकन उडी मारायचे. बाबांनी काकींचं फडकं हातात घेतलं आणि वाकून मोजायला लागले. "सोळा," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "वैनी, हे हायत म्हणूनच पाणी चांगलं हाय. फडकं नदीत झटका आन् पाणी घरी न्या." किळस येते म्हणून चाळीतल्या बाकी बायका फडक्याकडे न बघताच ते झटकून टाकायच्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला पिंपाशी बसवून समजावलं. नदी आटली असं आपण म्हणतो, पण ती वाळूच्या खालून चालत असते. वरचं पाणी एका ठिकाणी वाळूत शिरतं, खालून सरकतं, पुढे कुठेतरी पुन्हा वर येतं. पुन्हा शिरतं, पुन्हा येतं. त्या वाटेत वाळू त्याला धुऊन काढते. हे पांढरे जीव तिथेच राहतात, वाळूच्या कणांमधल्या फटींत, अंधारात. त्यांनाही हवा लागते, खायला लागतं. घाण पाणी शिरलं की आधी ते मरतात, माणसाला नंतर कळतं. "आमची माय रोज फडकं पाहे," बाबा म्हणाले. "मी सकाळी सहाले निंगतो. आता तू पायजो. हायत का नाई तेवढंच मले सांगायचं. ज्या दिवशी एकही नसन, त्या दिवशी कोणाले हंडा भरू देऊ नको."

मी मान डोलावली. मला ते काम पहिले काही दिवस आवडलं. मी एका बाटलीत दहाबारा जीव घालून पार्ल्याला कॉलेजात नेले आणि प्रॅक्टिकलच्या बाईंना दाखवले. बाईंनी भिंगाखाली पाहिलं आणि बाकीच्या मुलींना हाक मारली. कोळंबीच्या लांबच्या नात्यातले आहेत म्हणाल्या. "आणि बघा, यांना डोळेच नाहीत. कुठलं गं हे पाणी?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नदीत खड्डा खणून आम्ही पाणी पितो हे मला सांगवेना. "मैत्रिणीच्या गावच्या विहिरीचं," मी म्हणाले. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसानंतर फडक्यावरचे ते जीव मला नकोसे झाले.

इथे शोभाबद्दल सांगायला हवं. शोभा ही गावडेकाकींची मुलगी, माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, आणि कबड्डीत आमच्या भागातली सगळ्यात चपळ चढाई करणारी. ती आमच्या मागच्याच वाळूत सराव करायची. एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत दगडांच्या रांगेपर्यंत जायची आणि परत यायची. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका बँकेच्या महिला संघाची निवड होती. संघात घेतलं तर नोकरीही मिळणार होती. गावडेकाका दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि काकी पापडाच्या कामावर घर चालवत होत्या, त्यामुळे हा रविवार त्या घरात वर्षभर घोटला जात होता. शोभा मला म्हणायची, "वैशू, एकदा बँकेत चिकटले ना, की आईचं ते लाटणं नदीत फेकून देणार."

त्याच शेवटच्या आठवड्यात माझी परीक्षा होती. रसायनशास्त्र माझ्या डोक्यावरून जात होतं. सोमवारी सकाळी मी फडकं पाहिलं नाही. पिंपातलं पाणी गाळलं, फडकं न बघताच वाळूवर झटकलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "हायत का?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "हायत." मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी, शुक्रवारी. हा शब्द उच्चारायला किती कमी वेळ लागतो याचं मला आज नवल वाटतं.

शुक्रवारी पहाटे शोभाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दुपारी तिला उभंही राहता येईना. चाळीतल्या दोघांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. रविवारची निवड गेली हे तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. गुरुवारी सरावानंतर तिने मैदानाबाहेर बर्फाचा गोळा खाल्ला होता आणि काकींनी तोच धरला. दवाखान्याच्या कॉटशी बसून त्या पोटच्या पोरीला शिव्या घालत होत्या. "गोळो खाल्लंस मां? आता भोग! शिरां पडली तुझ्या तोंडार!" आणि बोलता बोलता तिच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या.

शनिवारी बाबा लवकर घरी आले. पाणी त्यांनी स्वतःच गाळलं. मी दारात उभी होते. त्यांनी फडकं पसरलं, उन्हाकडे धरलं, उलटं केलं. दुसऱ्यांदा पाणी गाळलं. फडकं कोरं होतं.

"वैशे, काल होते?"

मला अजून आठवतं, त्यांच्या आवाजात संशय नव्हता. त्यांना फक्त माहिती हवी होती.

"काल होते," मी म्हणाले. "आज परीक्षेच्या घाईत पाहायचं राहिलं."

बाबांनी पिंपावर फळी टाकली, वर दगड ठेवला आणि सगळ्यांना पाणी घ्यायचं बंद केलं. चाळ चिडली. पहिल्या खोलीतला ड्रायव्हर म्हणाला, "काय दादा, इतके दिवस किडे होते तेव्हा प्या म्हणालात. आज पाणी झकास आहे, एक किडा नाही, आणि आजच बंद? डोकं फिरलं काय?" काही जणी म्हणाल्या, याला मालकी गाजवायची आहे. बाबा दगडावर बसून राहिले. घरातला हंडाही त्यांनी आईला ओतून द्यायला लावला.

रविवारी सकाळी ते मला घेऊन नदीतून वर चालत गेले. दगडांच्या रांगेपलीकडे, पन्नास-साठ पावलांवर, काठावर म्हशींचा नवा गोठा झाला होता. गोठ्यातून एक चर काढून पात्रातल्या खळग्यात सोडला होता. शेणामुताचं हिरवट पाणी त्या खळग्यात येत होतं आणि खळगा भरत मात्र नव्हता. जेवढं येत होतं तेवढं वाळू पीत होती. पुढे सगळं कोरडं. गोठ्यातल्या माणसाला बाबांनी विचारलं तर तो सरळपणे म्हणाला, "ये नाली तो पिछले इतवार को खोदी. क्यों, क्या हुआ?" त्याला खरंच काही माहीत नव्हतं. खाली कुणी पाणी पितं हे कळल्यावर तो वरमला आणि त्याच दिवशी त्याने चर बुजवून दुसरीकडे वळवला.

पण चाळ मानेना. मधे तर सगळी कोरडी वाळू आहे, मग तिथली घाण इथे येईल कशी? बाबांनी घरात होळीचा उरलेला पक्का गुलाबी रंग शोधला, आख्खी पुडी बादलीत कालवली आणि सगळ्यांच्या देखत त्या खळग्यात ओतली. पाच मिनिटांत रंग वाळूत गेला. मग ते रोज सकाळ-संध्याकाळ फळी उचलून पाहायचे. सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही. बुधवारी संध्याकाळी पिंपातलं पाणी फिकट गुलाबी होतं.

अख्खी चाळ गोळा झाली. पहिल्या खोलीतला ड्रायव्हर वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "मानलं दादा." गावडेकाकीही आल्या होत्या, शोभाला आदल्या दिवशीच घरी आणलं होतं. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "दादानू, ह्यां पाणी कधीपासून खराब आसा? माझ्या चेडवाक त्याच पाण्यान झाला काय?"

बाबांनी हाताची बोटं उघडली. ते काय करत होते ते मला दिसत होतं. रंग रविवारी टाकला, बुधवारी इथे आला. चर त्याच्या आधीच्या रविवारी खणला. म्हणजे घाण मागच्या बुधवारी पोचायला हवी होती, आणि शोभा शुक्रवारी आजारी पडली. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मूठ मिटली.

"नाई वैनी," ते म्हणाले. "माही पोरगी रोज फडकं पाहे. शुक्रवारपर्यंत जीव होते. तवर पाणी चांगलंच होतं."

काकींनी सुस्कारा सोडला आणि खोलीत गेल्या. भिंतीच्या फटीतून आम्हाला ऐकू आलं, "तरी मी म्हटलंय, तो गोळोच!"

पुढे चाळीस वर्षं मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी केली. गॅस्ट्रो दहा कारणांनी होतो, गोळ्याचा बर्फही कमी घाण नसतो, आणि त्याच झिऱ्याचं पाणी पिऊन बाकी कुणाला फारसं काही झालं नाही, हे मला कळतं. त्या पाण्याची तपासणी झालीच नाही. ते जीव कोणत्या दिवशी गेले हेसुद्धा मी सांगू शकत नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्याच नदीच्या कामाबद्दल सभा झाली. एका तरुण इंजिनिअरने नकाशा दाखवला: दोन्ही बाजूंना भिंती, तळाला काँक्रीट. मी विचारलं, तळाखालच्या पाण्याचं काय? त्याला वाटलं मी पायाच्या मजबुतीबद्दल विचारते आहे. "काळजी करू नका काकी, खूप मजबूत आहे," तो म्हणाला. माझ्या शेजारच्या बाई हसल्या. मी पुढे काही बोलले नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

पिंपात गुलाबी पाणी आलं त्या बुधवारी रात्री आई भाकरी वाढत होती. बाबांनी पहिला घास मोडला आणि मी म्हणाले, "बाबा, मी पाहत नव्हते."

"काय?"

"फडकं. मागच्या सोमवारपासून एकदाही पाहिलं नाही. तुम्हाला नुसतंच सांगत होते."

बाबांनी घास ताटात ठेवला. ओरडतील, मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आयुष्यात कधी हात उचलला नव्हता तरीही. ते म्हणाले, "माहा हिशोब बुधवार म्हणत होता. मी तुह्यासाठी माहा हिशोब खोटा मानला." मग उठले, हात धुतला, पायात चपला सरकवल्या. "चाल."

आम्ही पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. प्रत्येक दारात बाबा एकच वाक्य म्हणायचे, "मघाशी मी शुक्रवार म्हटलं, ते खोटं होतं." आणि बाजूला व्हायचे. पुढचं मला सांगावं लागायचं. ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ दे गं, परीक्षा होती तुझी." तिसऱ्या खोलीतल्या आजीबाईंना ऐकू कमी यायचं, त्यांना मला दोनदा ओरडून सांगावं लागलं आणि ते अर्ध्या चाळीने ऐकलं. पाचव्या खोलीतल्या बाईंनी दार लावून घेतलं. गावडेकाकींच्या दाराशी बाबा दोनदा खाकरले तरी त्यांचं वाक्य बाहेर येईना. शेवटी मीच बोलले. काकी पाट्यावरून उठल्याच नाहीत. हातातला वरवंटा तसाच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान फिरवून खाटेकडे पाहिलं आणि पोरीला म्हणाल्या, "सहा दिस झाले, मी तुका नको नको तां बोललंय गो."

शोभा भिंतीला टेकून बसली होती. तिचे गाल आत गेले होते. ती माझ्यावर थुंकली असती तरी मी काही म्हटलं नसतं.

"म्हणजे गोळा नव्हता," ती म्हणाली.

"नसेल. माहीत नाही."

"वाट लावलीस यार माझी." हे ती अगदी सपाट आवाजात म्हणाली. तिने पाय खाटेखाली सोडले. नंतर म्हणाली, "पुढच्या वर्षी परत निवड आहे. मला उठून उभं राहिलं तरी चक्कर येते. उद्यापासून रोज पाच वाजता तू मला उठवायचं आणि माझ्याबरोबर पळायचं. आणि खरंच उठवायचं हां. 'उठवलं होतं' असं नुसतं सांगायचं नाही."

मी हो म्हटलं. बाबा तेव्हा दाराबाहेर उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. सकाळी पाचला मला उठवायला ते माझ्या उशाशी उभे होते.

पहिल्या दिवशी शोभा वाटेतल्या एका वडापर्यंत चालली आणि बसली. पुढच्या वर्षी तिची निवड झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी झाली. दोन्ही वर्षं मी तिला उठवलं.